खाणीच्या पडीक जमिनीवरील वनस्पतींची मोजदाद

जमीन मोजण्याची विद्या आपल्या शेतकरीवर्गास नवी नाहीं. मलिक अंबरानें या मुलखांत जमाबंदीची घडी बसविली तेव्हांपासून शेताचें क्षेत्र, जमिनीची प्रत व पिकाचें उत्पन्न हीं पाहून मगच धारा ठरतो, हें आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतें. पुढें बांधांची मोजणी झाली, पिकांची आणेवारी झाली, विहिरींची व फळझाडांची नोंद झाली. परंतु ज्या रानांत नांगर चालत नाहीं त्या रानांत काय काय उगवतें, आणि त्यांतील कोणतें किती, याची मोजदाद करण्याचें कारण आपणांस आजवर फारसें पडलें नव्हतें. आतां तें पडलें आहे. आपल्या शिवारांतील बरीच रानें खणलीं गेलीं, कांहीं अद्याप खणलीं जात आहेत, आणि खणून झाल्यावर तीं पूर्ववत् हिरवीं केल्याचे कागद आपल्यापुढें सहीसाठीं येऊं लागले आहेत. त्या कागदांतील मजकूर खरा कीं खोटा हें कसें पाहावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्या भागांतील खाणी

तीर्थपुरीच्या आसपासच्या बहुतेक शिवारांत वर काळी जमीन, तिच्याखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण अशी भूमीची रचना आहे. माळरानावर मातीचा थर वीतभर, कोठें कोठें तर चारच बोटें असतो. तेथें मुरूम सहज हातीं लागतो. म्हणून रस्त्यांचे भराव, तलावांचे बांध व घरांचे पाये यांसाठीं मुरूम काढावयाचा तो माळावरून व गायरानांतून, असा परिपाठ पडून गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला. तो आपल्या जालना जिल्ह्यांतून जातो. अशा एका रस्त्याच्या भरावास किती माती व मुरूम लागतो, हें ज्यांनीं तें काम चालू असतां पाहिलें त्यांस सांगणें नको. रस्ता झाला ही गोष्ट चांगलीच. परंतु भराव जेथून येतो तेथें खड्डा राहतो, हा साधा हिशेब आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. नोकरीच्या काळांत अशा खड्ड्यांचे व त्यांवरील वृक्षारोपणाचे कित्येक कागद आमच्या हाताखालून गेले. त्या कागदांवर दोन रकाने असत: लावलेल्या झाडांची संख्या व जिवंत झाडांची संख्या. आम्ही ते रकाने भरीत असूं, बेरीज जुळली कीं कागद पुढें जाई. एकदां एका गायरानांत पंचनामा चालू असतां एक वृद्ध गुराखी जवळ येऊन उभा राहिला. झाडें सर्व नीलगिरीचीं व काशिदाचीं होतीं, सरळ ओळींत होतीं, आणि बहुतेक जगलीं होतीं. त्यानें विचारिलें, "भाऊसाहेब, झाडं लिहून घेतली, बरं झालं. पण माझ्या ढोरांनी खायचं काय?" आम्हीं त्यास कांहींतरी उत्तर दिलें आणि कागद पुरा केला. त्या कागदांत खोटें असें एकही अक्षर नव्हतें. तरी त्यावरून गायरान परत आलें असें जें वरच्यांस वाटलें असेल तें खरें नव्हतें. गवत नव्हतें, बोर नव्हती, पळस नव्हता, बाभूळ नव्हती. हा दोष आमच्या नमुन्याचा होता, आणि तो निमूटपणें भरणाऱ्या आमचाही होता.

यंदा हा विषय पुन्हां मनांत येण्याचें कारण असें कीं, आमच्या शेजारच्या एका गांवच्या गायरानांतील मुरुमाची खाण आतां बंद झाली असून ती जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यांत परत यावयाची आहे. ताबा घेतांना काय पाहून घ्यावें, असें तेथील कांहीं शेतकऱ्यांनीं आम्हांस विचारिलें. या वेळीं गुराख्याच्या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस भाग आहे.

कायद्याचें म्हणणें

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ प्रमाणें जमिनींतील खनिजांवर शासनाचा हक्क आहे. मुरूम, वाळू, दगड हीं गौण खनिजें होत. त्यांच्या उत्खननासाठीं महाराष्ट्रांत २०१३ चे नियम आहेत. मोठ्या खनिजांच्या खाणींस, खाण बंद करतांना जमीन कशी सांवरावयाची याचा आराखडा देण्याचें बंधन २००३ पासून आहे.

यांहून शेतकऱ्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा असा एक आदेश सर्वोच्च न्यायालयानें ८ जानेवारी २०२० रोजीं दिला. खाणकाम संपल्यावर खाणपट्टा धारण करणारानें खाणीच्या क्षेत्रांत, आणि खाणकामामुळें जी आणखी जमीन बिघडली असेल तींतही, पुन्हां गवत उगवावें, व ती जमीन चारा, वनस्पति व प्राणी यांच्या वाढीस योग्य अशा स्थितीस आणावी, अशी अट खाणपट्ट्यांत घालण्यास त्या न्यायालयानें केंद्र सरकारास सांगितलें. यांत चाऱ्याचें नांव आलें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. नुसत्या झाडांच्या ओळी दाखवून ही अट पुरी होत नाहीं.

खणलेल्या जमिनीचें काय होतें

नांगरलेली जमीन पडीक टाकिली तर दोन पावसाळ्यांत ती हिरवी होते, मग खणलेली जमीन कां होत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. याचें उत्तर असें कीं, पडीक शेतांत माती शिल्लक असते व मातींत बीं, मुळें आणि सूक्ष्म जीव शिल्लक असतात. खाणींतून वर आलेल्या ढिगाऱ्यांत यांपैकीं कांहींच नसतें. कुजलेला पालापाचोळा नाहीं, नत्र जवळ जवळ नाहीं, द्विदल झाडांच्या मुळांवर गांठी करणारे जंतु नाहींत, आणि मुळांस स्फुरद पोंचविणारी बुरशी नाहीं. मुरूम उन्हाळ्यांत तव्यासारखा तापतो व पावसाचें पाणी त्यावरून वाहून जातें. उतार उभा असेल तर उगवलेलें बींही पहिल्याच वळवानें खालीं येतें.

वऱ्हाडच्या पलीकडे, नागपूर जिल्ह्यांत सावनेर तालुक्यांत गुमगांव येथें मँगनीजची खाण आहे. तेथील टाकाऊ ढिगाऱ्यांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें (जीस लोक नीरी म्हणून ओळखतात व जी १९५८ सालीं स्थापन झाली) जो प्रयोग केला, तो आपल्यासारख्यांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे. शास्त्रज्ञांनीं ढिगाऱ्यावर नुसते खड्डे घेऊन रोपें लावलीं नाहींत. खड्ड्यांत साखर कारखान्याचें प्रेसमड घातलें, रोपांच्या मुळांस नत्र धरणाऱ्या जंतूंचें व उपयुक्त बुरशीचें विरजण लाविलें, आणि मग या हवेंत वाढणाऱ्या वृक्षांचीं रोपें लाविलीं. विरजण हा शब्द आम्हीं मुद्दाम वापरला आहे; दुधांत विरजण घातल्यावांचून दहीं होत नाहीं, त्याप्रमाणेंच मेलेल्या मातींत जिवंत मातीचा अंश घातल्यावांचून ती पुन्हां माती होत नाहीं.

त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं कोळशाच्या खाणीच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावर केलेल्या कामाचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें सांडपाणी शुद्ध केल्यावर उरणारा गाळ हेक्टरीं ५० टन या प्रमाणांत घातला होता. पूर्वीं जे जंतु तेथें जवळ जवळ नव्हतेच ते पुढें भरपूर आढळले, आणि शिसें, जस्त, निकेल इत्यादि धातूंचा उपद्रव शेंकडा ३४ ते ४३ इतका कमी झाला. आपल्या मुरुमाच्या खाणींत असे विषारी धातु हा प्रश्न सहसा नसतो. म्हणजे आपलें काम त्या मानानें सोपें आहे. प्रेसमडही आपल्या ऊंसपट्ट्यांत दूर नाहीं. सगळ्यांत सोपा उपाय तर फुकटाचा आहे. खोदावयास लागण्यापूर्वीं वरची वीतभर माती निराळी काढून ठेवावी, तिचा ढीग फार उंच व फार दिवस ठेवूं नये, आणि खाण बंद होतांच ती वर पसरावी. मातीचा उंच ढीग वर्षानुवर्षें पडून राहिला तर आंतलें बीं मरतें व जंतु गुदमरतात. ही काळजी घेतली नाहीं तर पुढें कितीही झाडें लाविलीं तरी गवताचा पत्ता लागत नाहीं.

संख्या आणि विविधता

आतां मुख्य विषयाकडे वळूं. पुन्हां हिरव्या झालेल्या जमिनीची परीक्षा करावयाची ती तीन प्रश्नांनीं करावी. किती जातींच्या वनस्पति आल्या? त्यांचें आपसांतील प्रमाण काय? आणि जवळच्या न खणलेल्या रानाशीं त्यांचें साम्य किती?

यांपैकीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे नुसती नांवांची यादी. ती आवश्यक आहे, परंतु पुरेशी नाहीं. मानलेलें उदाहरण घेऊं. दोन गायरानें आहेत. प्रत्येकांत आपण १०० झाडें मोजलीं व प्रत्येकांत १० जाती आढळल्या. पहिल्या गायरानांत प्रत्येक जातीचीं १० झाडें आहेत. दुसऱ्यांत ९१ झाडें नीलगिरीचीं आहेत व उरलेल्या नऊ जातींचें एकेकच झाड आहे. यादी पाहणारा म्हणेल, दोन्ही सारखीं. परंतु दोन्ही रानें डोळ्यांनीं पाहणारा असें कधींही म्हणणार नाहीं.

हा फरक आंकड्यांत कसा आणावा, याची युक्ति सिम्प्सन या इंग्रज गणितज्ञानें १९४९ सालीं सांगितली. ती अशी: रानांतून डोळे मिटून एक झाड निवडावें, तें सोडून द्यावें व पुन्हां डोळे मिटून एक निवडावें. दोन्ही वेळां एकाच जातीचें झाड हातीं येण्याचा संभव किती? पहिल्या गायरानांत प्रत्येक जातीचा वांटा ०.१० आहे. त्याचा वर्ग ०.०१, अशा दहा जातींची बेरीज ०.१०. दुसऱ्या गायरानांत नीलगिरीचा वांटा ०.९१, त्याचा वर्ग ०.८२८१, उरलेल्या नऊ जातींपैकीं प्रत्येकीचा वर्ग ०.०००१, म्हणून नवांची बेरीज ०.०००९, एकूण ०.८२९. आतां एकास या बेरजेनें भागावें. पहिल्याचें उत्तर १० येतें व दुसऱ्याचें १.२. याचा अर्थ असा कीं, दुसऱ्या रानांत नांवाला दहा जाती असल्या तरी त्यांचें बळ सव्वा जातीइतकेंही नाहीं. एखादी कीड आली, एखादा अवर्षणाचा हंगाम आला, म्हणजे या सव्वा जातीचें काय होईल हें तुरीचें किंवा कपाशीचें एकच पीक सर्व शेतांत घेऊन हात पोळलेल्या शेतकऱ्यास समजावून सांगावें लागणार नाहीं.

मधल्या प्रतीचें उदाहरणही पाहावें. पांच जाती असून त्यांचीं झाडें अनुक्रमें ४०, ३०, १५, १० व ५ असतील, तर वर्गांची बेरीज ०.२८५ व उत्तर ३.५ येतें. जाती निम्म्या असूनही हें रान नीलगिरीच्या रानाहून जवळ जवळ तिपटीनें सरस ठरतें. सिम्प्सनच्या एक वर्ष आधीं, १९४८ सालीं, शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानें तारायंत्र व टेलिफोन यांतील संदेशांच्या मोजमापासाठीं एक सूत्र काढलें होतें. वनस्पतिशास्त्रज्ञ तेंही वापरितात. त्या रीतीनें वरील पहिल्या गायरानाचा आंकडा २.३० व दुसऱ्याचा ०.५० येतो. परंतु त्यास घातांकगणित लागतें. सिम्प्सनची रीत चौथ्या इयत्तेंतील मुलासही करतां येते, म्हणून आम्हीं तिचाच पुरस्कार करितों.

चौकट मांडण्याची रीत

एवढ्या मोठ्या रानांतील प्रत्येक काडी मोजणें कोणासही शक्य नाहीं. तशी गरजही नाहीं. पीक कापणी प्रयोग आपण सर्वांनीं पाहिला आहे. साऱ्या गांवचें उत्पन्न ठरविण्यास कांहीं शेतें चिठ्ठीनें निवडतात, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आंखतात व तेवढ्याचेंच पीक तोलतात. वनस्पतींच्या मोजणीची रीतही हीच. अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतांत पाउंड व क्लेमेंट्स या दोघां शास्त्रज्ञांनीं १९ व्या शतकाच्या अखेरीस गवताळ रानांत चौकटी आंखून आंतील रोपें मोजण्याचा प्रघात पाडला, तो आज जगभर चालू आहे.

आपल्या उपयोगासाठीं तीन मापें पुरेत. गवत व लहान रोपें यांसाठीं एक मीटर लांब व तितकीच रुंद चौकट; ती चार काठ्या बांधून घरीं होते. झुडपांसाठीं पांच मीटर चौरस तुकडा. वृक्षांसाठीं एक गुंठा. कारण ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद असा आपला गुंठा सुमारें १०१ चौरस मीटर भरतो, आणि वृक्षांच्या मोजणीसाठीं शास्त्रज्ञही बहुधा दहा मीटर चौरस म्हणजे १०० चौरस मीटरचाच तुकडा घेतात.

चौकट कोठें मांडावी हा या कामांतील मर्माचा भाग होय. माणसाची दृष्टि हिरव्या जागेकडे जाते. मग ती मोजणी रानाची न होतां रानांतील सर्वोत्तम जागेची होते. याकरितां खाणीच्या एका कोपऱ्यापासून लांबीचीं व रुंदीचीं पावलें ठरवावीं, आंकडे चिठ्ठ्यांवर लिहून मडक्यांत टाकावे आणि एखाद्या लहान मुलाकडून काढवावे. चिठ्ठीनें जी जागा येईल तेथेंच चौकट ठेवावी, मग ती उघडा खडक कां असेना. उघड्या खडकावरील रिकामी चौकट हीसुद्धां नोंदच होय. ढिगाऱ्याचा माथा, उतार व तळ यांवर पाणी व माती निराळी राहते. म्हणून या तिहींसाठीं चिठ्ठ्या वेगळ्या काढाव्या.

चौकटी किती, असा प्रश्न येईल. पहिल्या चौकटींत समजा सात नांवें मिळालीं, दुसरींत तीन नवीं, तिसरींत दोन. असें करितां करितां एक वेळ अशी येते कीं चार-पांच चौकटी ठेवूनही नवें नांव निघत नाहीं. तेथें थांबावें. मोजणीस योग्य काळ म्हणजे भाद्रपदाची अखेर ते आश्विन. गवत तुऱ्यावर आलें म्हणजेच त्याची जात निश्चित ओळखूं येते. कोवळेपणीं मारवेल कोणतें व पवन्या कोणतें हें सांगतांना जाणतेही चुकतात. माघ-फाल्गुनांत एक फेरी पुन्हां करावी, म्हणजे पावसाळ्यापुरतें उगवून वाळून जाणारें कोणतें व टिकणारें कोणतें हें कळतें.

हरळीसारखें पसरणारें गवत काडी काडी मोजतां येत नाहीं. तेथें चौकटीचा कितवा हिस्सा त्यानें झांकला आहे हें अंदाजानें शेंकड्यांत लिहावें, व सिम्प्सनच्या हिशेबांत झाडांच्या संख्येऐवजीं हाच वांटा धरावा. मात्र एका हिशेबांत दोन्ही रीती मिसळूं नयेत. ज्या जातीचें नांव कोणासही सांगतां येत नाहीं तिला "अनोळखी क्रमांक १" असें लिहून तिची फांदी तुऱ्यासह जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवावी. नांव ओळखण्यासाठीं गुराख्यांस, मेंढपाळांस व जडीबुटी जाणणाऱ्या वृद्ध स्त्रियांस बरोबर न्यावें. परभणीचें कृषि विद्यापीठ आपल्याच मराठवाड्यांत आहे; उरलेल्या फांद्या तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांस दाखवितां येतील.

तुलना कोणाशीं करावी

एवढें करूनही तिसरा प्रश्न राहतोच, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जाती पुष्कळ असल्या, त्यांचें प्रमाणही चांगलें असलें, तरी त्या जाती कोणत्या? गाजर गवत, घाणेरी, वेडी बाभूळ व एकदांडी हींही यादी लांबवितात. गाजर गवत पुण्यास १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलें. आज तें नाहीं असें शिवार दाखविणें कठीण. उकरलेली जमीन हें या परकी तणांचें माहेर. म्हणून यादीचे तीन भाग करावे: या मातींतल्या जाती, लावलेल्या परक्या जाती व आपण होऊन घुसलेलीं तणें. शिवाय प्रत्येक देशी जातीपुढें ती लाविली कीं आपोआप उगवली हें लिहावें. लाविलेलें रोप म्हणजे लावणाराचा खर्च. आपोआप उगवलेलें रोप म्हणजे जमीन सुधारल्याची साक्ष. पळसाचें किंवा बोरीचें एक आपोआप उगवलेलें रोप हें नर्सरींतल्या दहा रोपांहून अधिक सांगून जातें.

मग जवळचें, त्याच प्रकारच्या जमिनीचें, न खणलेलें रान निवडावें व तेथेंही त्याच हंगामांत, त्याच रीतीनें चौकटी मांडाव्या. डेन्मार्कच्या सोरेनसेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९४८ सालीं सांगितलेली रीत येथें उपयोगी पडते. दोन्ही रानांत सामाईक असलेल्या जातींची दुप्पट करावी व तीस दोन्ही याद्यांतील जातींच्या बेरजेनें भागावें. मानूं कीं जुन्या गायरानांत २४ जाती, खाणीवर १६ व त्यांपैकीं सामाईक ८. आठाची दुप्पट १६, बेरीज ४०, उत्तर ०.४०. सर्व जाती सामाईक असत्या तर उत्तर १ आलें असतें. दरवर्षीं हा आंकडा वाढत असेल तर रान परत येत आहे. स्थिर किंवा कमी होत असेल तर कोठेंतरी चूक आहे. एकाच वर्षाच्या आंकड्यावरून निकाल देऊं नये. बनारस हिंदू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं सिंगरौलीच्या कोळसा खाणींतील निरनिराळ्या वयांचे ढिगारे एकमेकांशीं ताडून पाहिले व १९९१ सालीं त्याचा वृत्तांत दिला. ढिगाऱ्याचें वय वाढतें तसतशी माती व वनस्पति कशी बदलत जाते हें पाहण्याची ती उत्तम रीत आहे. आपण मात्र एकाच जागीं दगडाच्या खुणा रोवून दर आश्विनांत तेथेंच जावें.

परमुलखांतील दोन धडे

गोव्यांत लोखंडाच्या खाणींचे प्रचंड ढिगारे आहेत. पावसांत त्यांची तांबडी माती वाहून भातशेतांत येऊं नये म्हणून जुन्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड मोठ्या प्रमाणांत झाली. काजू व सुरू हींही लाविलीं. ही परकी बाभूळ नत्र धरते, लवकर वाढते व उतार धरून ठेविते, हा तिचा गुण निःसंशय आहे. परंतु तिच्याच दाट रानाखालीं पानांचा जाड थर सांठतो व देशी रोपांस वाव थोडा राहतो. पाऊल टेकण्यापुरती ती चांगली. तेथेंच मुक्काम करणें चांगलें नव्हे.

दुसरा धडा पश्चिम ऑस्ट्रेलियांतील आहे. तेथें जारा नांवाच्या वृक्षांच्या जंगलांत १९६३ पासून बॉक्साइट खणलें जात आहे. आरंभीं तेथेंही परमुलखांतील झाडें लावण्यांत आलीं. पुढें चूक उमगली व १९८८ पासून त्याच जंगलांतील वृक्षांकडे वळण्यांत आलें. वरची माती खणतांच ती ताजी ताजी दुसऱ्या संपलेल्या खाणीवर पसरण्याचा प्रघात पडला, आणि सुमारें पंधरा महिन्यांनीं चौकटी मांडून, शेजारच्या न खणलेल्या जंगलाशीं जातींची तुलना होऊं लागली. मोजणी होऊं लागली म्हणूनच कोणत्या जाती परत येत नाहींत हें समजलें, व त्यांच्यासाठीं निराळे उपाय योजितां आले. मोजदादीचा खरा उपयोग हाच आहे.

ताबा घेतांना

वरील सर्व विचारावरून, खाणीची जागा परत घेणाऱ्या ग्रामसभेनें आपल्या कागदांत निदान पुढील रकाने मागावे असें आम्हांस वाटतें. वरची माती राखून परत पसरली काय, व तिची जाडी किती. देशी जाती किती, त्यांपैकीं आपोआप उगवलेल्या किती. परकी तणें किती व त्यांनीं व्यापलेला हिस्सा किती. सिम्प्सनच्या रीतीनें आलेला आंकडा. जुन्या गायरानाशीं साम्याचा आंकडा. आणि गुरांनीं खाण्याजोगीं गवतें व द्विदल रोपें, म्हणजे मारवेल, पवन्या, हरळी, रानमूग, यांनीं झांकलेली जमीन शेंकडा किती. हा शेवटचा रकाना विसरूं नये. न्यायालयानें चारा म्हटलें आहे, तो याच रकान्यांत दिसावयाचा आहे.

आंकडे कमी आले तर निराश होण्याचें कारण नाहीं. उपाय हाताशीं आहेत. कार्तिकांत जुन्या गायरानांतील पिकलेलें गवत बियांसह कापून खाणीवर अंथरावें, म्हणजे पुढल्या पावसांत त्याच रानाचें बीं तेथें रुजतें. उतारावर आडव्या ताली घालाव्या. बोर, बाभूळ, पळस, कडुलिंब, करंज यांचें बीं चेंडूसारख्या मातीच्या गोळ्यांत घालून टाकावें. तीन वर्षें चराईबंदी पाळावी व गवत कापून न्यावें. चराईबंदीचा भार ज्यांचीं गुरें अधिक व शेत कमी अशांवर पडतो. म्हणून कापलेल्या गवताचा पहिला हक्क त्यांस देणें हें न्यायाचें आहे, आणि बंदी टिकवावयाची तर शहाणपणाचेंही आहे.

या कामास शहरांतून तज्ज्ञ आणावा लागतोच असें नाहीं. चार काठ्या, एक वही, सुतळी, शाळेंतील दोन मुलें व रानाची ओळख असलेला एक गुराखी, इतक्या सामग्रीवर दोन दिवसांत एका गायरानाची मोजणी होते. ज्या गांवाजवळ स्वतःची वही आहे त्यास दुसऱ्याच्या कागदावर डोळे मिटून सही करण्याची पाळी येत नाहीं. शेजारच्या गांवच्या शेतकऱ्यांस आम्हीं हेंच सांगितलें आहे, आणि येत्या आश्विनांत त्यांच्याबरोबर चौकट घेऊन जाण्याचें कबूल केलें आहे. ज्या गुराख्यास आम्हीं कांहींतरी उत्तर देऊन वाटेस लाविलें, तो आज हयात नाहीं. त्याच्या प्रश्नाचा रकाना मात्र या वेळीं आम्ही स्वतः आंखणार आहों. आपल्या गांवीं अशी खाण असेल तर वाचकांनींही तो आंखून घ्यावा व आलेले आंकडे संघाच्या कचेरीकडे पाठवावे; निरनिराळ्या शिवारांच्या वह्या एकत्र झाल्या म्हणजे आपल्या मुलखांत खणलेलें रान किती वर्षांनीं परत येतें, याचें उत्तर आपलें आपणांसच देतां येईल.